सूनबाईने जिंकलेला डाव

मित्रांनो, मी एक जुने घड्याळ आहे, पण किती वाजले हे मला विचारू नका. ते मला कधीच सांगता आले नाही. मी बुद्धिबळाचे घड्याळ आहे. एका लाकडी पेटीत शेजारी शेजारी बसवलेल्या दोन तबकड्या, डोक्यावर पितळेच्या दोन कळा आणि पाठीमागे किल्ली द्यायच्या दोन फिरक्या, असे माझे रूप आहे. खेळणाऱ्याने चाल केली की त्याने आपल्या बाजूची कळ दाबायची. मग त्याची तबकडी थांबते आणि समोरच्याची चालू होते. कोणी किती वेळ विचार केला, एवढेच मी मोजते. दोन तोंडांचे म्हणून लोक मला हसतात, पण मी इकडचे तिकडे कधी सांगितले नाही. आज पहिल्यांदाच सांगते आहे, आणि तेही तुम्हाला, कारण ज्यांना सांगायला हवे होते त्यांना माझी भाषा कळत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे डोळ्याला भिंग लावून बसलेल्या बायकांनी माझ्या पोटात चक्रे बसवली. मग मला एका फळीवर नुसते चालत ठेवले. दोन्ही बाजू अगदी सारख्या चालतात की नाही, हे तिथला तपासनीस रोज येऊन पाही. तो फार शंकेखोर होता. "एक बाजू केसभर जरी पळाली ना, तरी कुणावर तरी अन्याय होईल," असे तो म्हणे. त्याची खात्री पटली तेव्हाच मला पेटीत घालून बाहेर पाठवले.

मी गेले ते नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत. तिथे करमणुकीची एक खोली होती. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घाईघाईने संपवून पटाभोवती जमत. तिथेच मला बाबा भेटले. तेव्हा ते कुणाचे बाबा नव्हते. बोटांना कायम काळी शाई लागलेले, बारीक रेघा ओढणारे एक नकाशाकार होते. त्या कचेरीत त्यांना हरवणारा कुणी नव्हता. ते जिंकल्यावर हसत नसत आणि जिंकल्याचे बोलूनही दाखवत नसत. समोरचा फार छान खेळला तर फक्त एवढेच म्हणत, "बरी खेळी." ते दोन शब्द ऐकायला माणसे महिनोन्‌महिने धडपडत.

मित्रांनो, वर्षानुवर्षे एकाच माणसाचा वेळ मोजला की त्याची लकब अंगात मुरते. बाबा सुरुवातीच्या चाली झटपट करत. डाव अवघड झाला की थांबत. विचार करताना त्यांचा हात पटाकडे येई, सोंगटीच्या वर थबके आणि रिकामा परत जाई. हात आला आणि परत गेला की समजावे, बाबा आत कुठेतरी खोल उतरले आहेत. मला ते डोळे मिटूनही ओळखता आले असते.

पुढे कचेरीत विजेवर चालणारी घड्याळे आली. लाल आकडे दाखवणारी, टिकटिक न करणारी. मला एका कपाटात मोडक्या पंख्याशेजारी टाकून दिले. तिथे मी किती काळ पडून राहिले कोण जाणे. बाबा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी ते कपाट उघडले आणि मला बाहेर काढले. "हे मी नेऊ का?" त्यांनी विचारले. कुणाला काही अडचण नव्हती. रद्दी झालेल्या एका नकाशात गुंडाळून त्यांनी मला घरी आणले आणि दाराशेजारच्या फळीवर ठेवले.

घर तिसऱ्या मजल्यावर होते. एक दिवाणखाना, दोन खोल्या आणि रस्त्याकडे उघडणारी एकच मोठी खिडकी. घरात बाबा, त्यांचा मुलगा आणि सूनबाई. मुलगा मालवाहू बोटीवर इंजिनीअर. वर्षातला बराचसा काळ तो समुद्रावरच असे. सूनबाई एका इस्पितळात एक्स-रे काढण्याचे काम करी. बाबांची पत्नी मी यायच्या आधीच वारली होती. म्हणजे घरात असत ती दोनच माणसे, सासरे आणि सून. दोघांनाही एकमेकांशी काय बोलावे ते सुचत नसे. "जेवायला वाढू?" "वाढ." "पंखा लावू?" "नको." दिवसभराचे बोलणे एवढ्यात आटपत असे.

एका रविवारी सूनबाई फळी पुसत होती. तिचा हात लागून माझी कळ दबली आणि मी चालू झाले. आतल्या खोलीतून बाबा लगबगीने बाहेर आले.

"कोणी चालू केलं?"

सूनबाई गोंधळली. "पुसताना धक्का लागला, बाबा. बिघडलं का?"

"बिघडत नाही ते." त्यांनी मला हातात घेतले आणि दोन्ही बाजूंना किल्ली दिली. मग तिच्याकडे न पाहताच विचारले, "खेळता येतं तुला?"

"घोडा अडीच घरं जातो, एवढं माहीत आहे."

"पुष्कळ झालं. बस."

असा तो खेळ सुरू झाला. सूनबाईने त्या दिवशी तीन डाव गमावले, आणि तिन्ही वेळा हरल्याचे तिला शेवटपर्यंत कळलेच नाही. बाबांनी राजाकडे बोट दाखवून सांगितले तेव्हा कळले. ती खळखळून हसली. त्या घरात इतक्या मोठ्याने कुणी हसल्याचे मी पहिल्यांदाच ऐकले.

त्यानंतर ती संध्याकाळी कामावरून आली की चहाचे कप बाजूला सारून दोघे बसू लागले. बाबा शिकवत ते फार थोड्या शब्दांत. ती उतावीळ होती. सोंगटी दिसली की मारायला धावायची. "हात मांडीखाली ठेव," बाबा म्हणत. "आधी बघ. मी काय करणार आहे ते बघ. मग तुझं." ती खरोखरच दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसे. पाळी तिची असली तरी बघत बाबाच बसलेले असत, तिच्या चेहऱ्याकडे.

ती सुधारू लागली. आधी वजीर फुकट देणे थांबले. मग घोडेही फुकट जायचे थांबले. मग एक दिवस ती हरली, पण डाव इतका लांबला की स्वयंपाक राहून गेला आणि दोघांनी उभ्या उभ्या पाव खाल्ला. तिने ग्रंथालयातून पुस्तके आणली. इस्पितळात दोन रोग्यांच्या मधल्या वेळात ती कोडी सोडवू लागली. जलतरण तलावाच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी एक क्लब भरे, तिथे नाव घातले. परत आली की चप्पल काढायच्या आत बाबांना सगळे सांगे, म्हणून मलाही ते माहीत आहे.

पण मित्रांनो, सुधारणे म्हणजे जिना चढत जाणे नसते. काही महिन्यांनी सूनबाई अडकली. क्लबमध्ये ती हरतच राहिली. दोन वेण्या घातलेल्या एका शाळकरी मुलीने तिला हरवले आणि वर मायेने म्हटले, "काकू, तुमचा वजीर मी केव्हापासून बघत होते." पुढच्या रविवारीही ती हरली, आणि त्याच्या पुढच्याही. जे पुस्तकात कळते ते पटावर दिसेना. क्लब चालवणारे एक दातांचे डॉक्टर होते. ते तिला समजावत म्हणाले, "वहिनी, या वयात एवढंच होतं. मजा म्हणून खेळा."

त्या दिवशी ती घरी आली ती थेट खुर्चीत बसली. "मला डोकंच नाही, बाबा," ती म्हणाली. "इतकी वर्षं दुसऱ्यांची हाडं बघण्यात गेली. आता काही नवीन येणार नाही मला." तिचे डोळे भरून आले होते.

बाबा पट मांडत होते. "त्या डॉक्टरला सांग, दात मीच पाडीन त्याचे," ते म्हणाले. "पांढरे घे."

ती रडता रडता हसली आणि पांढरे घेऊन बसली. हरली. दुसऱ्या दिवशीही हरली. तो सगळा काळ असाच गेला. तिला एकच गोष्ट हवी होती. क्लबमधल्या कुणाला नव्हे, बाबांना हरवायचे होते. तेही एकदाच, पण खरोखरीचे. "ते झालं की मी समजेन, मला काहीतरी आलं," असे ती फोनवर नवऱ्याला सांगत असे.

आणि ते झाले. उन्हाळ्यातली रविवारची दुपार होती. खिडकीचा पडदा ओढलेला होता. बाबांनी तिच्या राजावर जोराचा हल्ला चढवला होता. सूनबाई हात मांडीखाली घेऊन बसली, खूप वेळ बसली. मग तिने एक अगदी साधे प्यादे एकच घर पुढे सरकवले आणि कळ दाबली. माझी बाबांकडची तबकडी चालू झाली.

आता नीट ऐका, कारण पुढचे सगळे यावरच आहे. बाबांचा हात पटाकडे आला, हत्तीवर थबकला आणि परत गेला. पुन्हा आला, उंटावर थबकला, परत गेला. तसाच आणखी एकदा आला आणि गेला. इतक्या वर्षांत मी त्यांना इतक्या खोल उतरलेले पाहिले नव्हते. ते सगळे बळ लावून खेळत होते. त्या एका प्याद्याने त्यांचा हल्ला मोडून पडला होता आणि ते त्यांना दिसत होते. आणखी काही चाली झाल्या, आणि मग त्यांनी आपला राजा हलकेच आडवा केला.

सूनबाईला विश्वासच बसेना. "म्हणजे? सोडला डाव?"

"सोडला."

"म्हणजे मी जिंकले?"

"मग काय मी?" असे म्हणून बाबा उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिला त्यांची पाठ दिसत होती. मला खिडकीशेजारच्या आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. मित्रांनो, बाबा हसत होते. आवाज न करता, तोंड भरून हसत होते. पण वळले तेव्हा चेहरा नेहमीचाच होता. "बरी खेळलीस" एवढेही ते त्या दिवशी बोलले नाहीत. कदाचित इतक्या मोठ्या गोष्टीला ते शब्द त्यांना अपुरे वाटले असतील. कदाचित नंतर सावकाश सांगू असे त्यांनी ठरवले असेल.

सूनबाईने लगेच नवऱ्याला फोन लावला. तो लांबवरून ओरडला, "बाबांना? तू? अगं, सोडला असेल त्यांनी! मी लहान असताना वाढदिवसाला मला असेच जिंकू द्यायचे."

"छट! बाबा माझ्याशी असं करत नाहीत," ती हसून म्हणाली. पण फोन ठेवल्यावर ती थोडा वेळ पटाकडे पाहत राहिली.

त्यानंतरचे काही महिने चांगले गेले. कधी ती जिंके, बहुतेक वेळा बाबा जिंकत. आणि मग काहीतरी बदलू लागले. ते सर्वांत आधी मला कळले. बाबा चाल करत आणि कळ दाबायचे विसरत. मी त्यांच्याच बाजूने चालत राही. "बाबा, कळ," सूनबाई आठवण करून देई. "हो हो, लक्ष आहे माझं," ते चिडून म्हणत. मग त्यांचे थांबणे वाढले, पण हे थांबणे वेगळे होते. आता त्यांचा हात पटाकडे येतच नसे. तो मांडीवर पडून राही आणि बाबा पटाकडे असे पाहत, जणू कुणीतरी त्यांना अनोळखी गावाचा नकाशा उलटा धरून दाखवला आहे. मी टिकटिक करत राही. त्याहून जास्त मला काही येत नव्हते.

सूनबाई जिंकू लागली. एकामागून एक जिंकू लागली. सुरुवातीला तिचा चेहरा उजळे. मग तो विचारात पडू लागला. मग तो काळवंडला. तिला नवऱ्याचे बोलणे आठवले असावे. एका संध्याकाळी बाबांनी आपला वजीर तिच्या प्याद्यासमोर नेऊन ठेवला. तिने तो मारला नाही. तिने माझ्या दोन्ही कळा अर्ध्यावर धरून मला थांबवले.

"बाबा, हे काय?"

"काय?"

"वजीर फुकट देताय तुम्ही."

बाबांनी पटाकडे पाहिले. खूप वेळ पाहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. वजीर तिथे कसा गेला हे त्यांना माहीत नव्हते, मित्रांनो. मला ते दिसत होते. हाच तो क्षण होता, जेव्हा ते सांगू शकले असते की सूनबाई, मला हल्ली काहीतरी होतंय, डोक्यात धुकं येतं, मला भीती वाटते. पण त्यांनी मान वर केली ती कचेरीतल्या जुन्या ताठपणाने.

"दिसलं वाटतं तुला," ते म्हणाले. "मला वाटलं, दिसणार नाही."

"म्हणजे मुद्दाम दिलात?"

"मुद्दामच."

"हल्लीचे सगळे डाव? सगळे मुद्दाम हरलात?"

"हो."

सूनबाईचा आवाज अगदी बारीक झाला. "आणि तो पहिला, बाबा? उन्हाळ्यातला? मी प्यादं सरकवलं तो?"

मी आतल्या आत ओरडले, नाही म्हणा. तो खरा होता म्हणा. पण आता मागे फिरले असते, तर बाबांना सगळेच उलगडून सांगावे लागले असते. बाबांनी नजर खाली वळवली.

"तोही," ते म्हणाले.

तिने माझ्या कळांवरची बोटे काढून घेतली. मग म्हणाली, "मी लहान मूल होते का, बाबा? मी तुम्हाला कधी म्हटलं होतं, मला जिंकू द्या? माझ्याजवळ तेवढं एकच होतं." ती उठली आणि आत गेली. पट तसाच राहिला. बाबांनी एकेक सोंगटी उचलून डबीत ठेवली. पांढऱ्याच्या डबीत काळ्या गेल्या, ते त्यांच्या लक्षात आले नाही.

त्यानंतर ती दोघे खेळली नाहीत. ती त्यांना वेळेवर जेवायला वाढी, औषधे देई, कपडे इस्त्री करून ठेवी. त्यात कसूर नव्हती. पण बोलणे पुन्हा "वाढू?" आणि "वाढ" एवढ्यावर आले. संध्याकाळी ती आपल्या खोलीत दार लोटून फोनवर खेळे. आणि राग माणसाला फार कष्ट करायला लावतो. ती हट्टाने शिकली. क्लबमध्ये तिचे नाव हळूहळू वर सरकू लागले. हे मला तिच्या फोनवरच्या बोलण्यातून कळे. बाबाही ते दाराआडून ऐकत.

दुपारी घरात कुणी नसताना बाबा मला खाली काढत. पट मांडत. कधी राजा कोपऱ्यात जाई, कधी दोन उंट शेजारी शेजारी येत. मग ते सगळे उधळून पुन्हा मांडत. मांडणी पुन्हा चुके. एक दिवस ते दूध आणायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. शेवटी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू त्यांना कोपराला धरून घेऊन आल्या.

"पलीकडच्या इमारतीच्या दारात उभे होतात हो तुम्ही," काकू म्हणाल्या. "किल्ली लावत होतात तिथे."

ज्याने उभ्या शहराच्या गल्ल्या कागदावर काढल्या होत्या, तो माणूस मान खाली घालून उभा होता. "सूनबाईला सांगू नका," तो म्हणाला. "आधीच रागावली आहे ती."

काकूंनी शब्द दिला आणि, दुर्दैवाने, पाळलाही.

मुलगा रजेवर येऊन गेला. त्याला वाटले, बाबा थकले आहेत, थोडे विसराळू झाले आहेत. बायकोला म्हणाला, "तू का धरून बसलीस? म्हाताऱ्या माणसाने लाड केला, सोडून दे." ती म्हणाली, "तुला नाही कळायचं." दोघांचेही तेव्हा बाबांकडे लक्ष नव्हते. बाबा टेबलापाशी बसून चमच्याने चहा ढवळत होते. त्यात साखर घातलेली नव्हती, आणि चहाही संपलेला होता.

मग एका रविवारी सूनबाई स्पर्धा खेळून आली ती धावतच. तिने त्या दातांच्या डॉक्टरांना हरवले होते. नुसते हरवले नव्हते, ज्या घोड्याच्या चालीने हरवले ती पाहून सगळा हॉल उठून तिच्या पटाभोवती गोळा झाला होता. तिच्या तोंडावर इतका आनंद होता की त्यात राग कधी विरघळला ते तिलाही कळले नाही. हा डाव कुणी तिला दिलेला नव्हता. आणि तो सांगायचा कुणाला, तर एकाच माणसाला. तिने मला फळीवरून काढले, पट मांडायला घेतला आणि हाक मारली, "बाबा! या ना, दाखवते तुम्हाला. डॉक्टरांचे दात पाडले आज!"

बाबा आले. तिच्या हाकेने त्यांचा चेहरा फुलला होता. समोर बसले.

"तुम्ही डॉक्टर व्हा. काळे मांडा," ती म्हणाली.

बाबांनी घोडा उचलला. तो बोटांत फिरवला. पुढून पाहिला, मागून पाहिला. मग पुढे वाकून, कुणी ऐकू नये अशा हळू आवाजात त्यांनी विचारले, "हा कसा जातो गं?"

सूनबाई हसली. मग तिचे लक्ष त्यांच्या बोटांकडे गेले. घोडा त्यांत अजून फिरतच होता. ती हसायची थांबली. रोज दुसऱ्यांच्या हाडांतल्या केसाएवढ्या भेगा शोधणारी ती बाई बाबांच्या चेहऱ्याकडे कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा नीट पाहत होती.

"बाबा," ती म्हणाली. "मुद्दाम करताय ना?"

बाबा घोड्याकडेच पाहत राहिले.

"सांगा ना, बाबा. मागच्यासारखं मुद्दाम करताय. हो ना? म्हणा ना, मुद्दाम."

बाबांना ती काय मागते आहे ते कळले नसावे, पण ती फार आशेने काहीतरी मागते आहे एवढे कळले. तिला बरे वाटावे म्हणून त्यांनी मान हलवली. "हो," ते म्हणाले. "मुद्दाम."

तिने त्यांच्या हातातला घोडा काढून घेतला आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ती मोठमोठ्याने रडू लागली. बाबा तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. आपले काय चुकले, हे ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

मग इस्पितळ झाले, तपासण्या झाल्या. विस्मरणाचा आजार. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की हा एकाएकी होत नाही, काही वर्षांपासून आत आत चालू असणार. घरी आल्यावर सूनबाई शिंपीणकाकूंशी बोलत होती. "काही वर्षांपासून, काकू. म्हणजे मी पहिल्यांदा जिंकले तेव्हाही असेल. मी इकडे आनंदाने नाचत होते आणि तिकडे हे..." आता तिच्याजवळ तीन उत्तरे होती. बाबांनी तो डाव मुद्दाम सोडला, किंवा आजाराने गमावला, किंवा तिने खरोखर जिंकला. तिसरे उत्तर ती मोजतही नव्हती.

ते उत्तर फक्त मला माहीत होते, मित्रांनो. तो हात आला होता आणि परत गेला होता. ते मी पाहिले होते.

सूनबाईने क्लब सोडला. दातांचे डॉक्टर घरी येऊन गेले, खूप समजावले. "वहिनी, तुम्ही आता कुठे खरं खेळायला लागलात," ते म्हणाले. तिने चहा दिला आणि नाही म्हणून सांगितले. तिला पटासमोर बसवतच नव्हते. इस्पितळातली पाळी बदलून घेऊन ती दुपारी घरी राहू लागली. बाबा खिडकीशी बसून असत. कधी तिला ओळखत, कधी नाही.

अशाच एका दुपारी ती त्यांना केळे सोलून देत होती. बाबा एकाएकी मोकळेपणाने बोलू लागले. समोर कुणी पाहुणी बसली आहे असे त्यांना वाटत होते.

"आमच्या सूनबाईला बुद्धिबळ शिकवतोय मी," ते म्हणाले.

सूनबाईचा हात थांबला. "हो का? कशी खेळते?"

"उतावीळ आहे जरा. पण नजर आहे तिला. मुलाला नव्हती, हिला आहे. एक दिवस मला हरवणार ती."

"तुम्ही मुद्दाम हराल ना तिच्यासाठी?" तिने विचारले. केळे तिने बशीत ठेवले.

बाबांना राग आला. "मुद्दाम? पटावर मी बापाचीही गय करत नाही. हरवलं तर ती खरंच हरवेल. आणि हरवलं ना, की मी तिला सांगणार आहे. ठरवून ठेवलंय मी."

"काय सांगणार?" ती पुढे सरकली. "बाबा, काय सांगणार तिला?"

बाबांनी तोंड उघडले. शब्द अगदी ओठांवर आला होता. मग त्यांची नजर खिडकीबाहेर गेली, तिथे एक ट्रक मागे घेत होते. ते तो पाहत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी तिच्याकडे वळून विचारले, "कोणाला?"

त्यानंतर थंडीच्या दिवसांत बाबा गेले. ती त्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहिली होती, पण त्या आठवणीवर ते परत कधी आले नाहीत. बाबांच्या बाजूची माझी कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, तुटली आहे. घड्याळजी म्हणाला, "याचे भाग आता मिळत नाहीत." सूनबाईने मला फडक्यात बांधून कपाटात वरच्या खणात ठेवले आहे. तिथून मी तुमच्याशी बोलते आहे.

मित्रांनो, मला किल्ली द्या, मला पुसा, असे मी तुमच्याजवळ मागत नाही. माझे दिवस झाले. पण तुम्हाला शिकवणारे कुणी घरात असेल आणि ते एकाएकी चुकायला लागले, तर रुसून उठू नका. बसून राहा. त्यांचे हात धरा आणि विचारा, काय होतंय? आणि पुढे कधी तुम्ही कुणाला शिकवाल, आणि ते मूल एके दिवशी खरोखर तुमच्या पुढे जाईल, तर खिडकीकडे तोंड करून हसू नका. वळा आणि त्याला तिथल्या तिथे सांगा. शब्द अपुरे वाटले तरी सांगा.

आणि कधी एखादी बाई तुम्हाला भेटली, बुद्धिबळाचे नाव काढले की विषय बदलणारी, तर तिच्यासमोर एवढे बोला. तो उन्हाळ्यातला डाव कुणी तिला दिला नव्हता. तो तिचा होता. मला ते सांगता येत नाही.